विद्यावेतन, मानधन आणि वेतन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून अनेकांना तो परका वाटला असेल. अमेरिकेतील विद्यापीठांत साक्षरता-शिक्षणाचे स्वतंत्र विभाग असतात. त्या विभागांत एम.ए. किंवा पीएच.डी. करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना 'असिस्टंटशिप' म्हणजे सहाय्यकाची जागा मिळते. या जागांमागील अर्थकारणाची चर्चा अंगणवाडी सेविकांत किंवा साखर कारखान्यातील हंगामी कामगारांत वावरणाऱ्या कार्यकर्त्याने का करावी? कारण असे की, श्रमाला श्रम न म्हणता दुसरे एखादे सन्मानाचे नाव द्यावयाचे आणि त्या नावाच्या आडोशाने मोबदला कमी ठेवावयाचा, ही जी रीत आपल्याकडे 'मानधन' या शब्दाने चालते, तीच तेथे 'असिस्टंटशिप' या शब्दाने चालते. तेथील सहाय्यकांनी गेल्या पन्नासाहून अधिक वर्षांत या रीतीविरुद्ध संघटित लढा दिला आहे. त्या लढ्याचे यशापयश आपल्या चळवळीला उपयोगी पडण्यासारखे आहे.

प्रथम हे काम कोणते ते पाहू. 'साक्षरता' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रात्रीचा वर्ग, कंदील आणि पाटीवर अक्षर गिरवणारे प्रौढ स्त्री-पुरुष उभे राहतात. अमेरिकेत या शब्दाची व्याप्ती याहून मोठी आहे. बालवाडीतील मुलाला अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध कसा उमगतो, येथपासून ते परदेशातून आलेल्या प्रौढाला नव्या भाषेत सरकारी अर्ज कसा भरता यावा, येथपर्यंत सारे त्यात येते. शिवाय हा प्रश्न त्या श्रीमंत देशात सुटला आहे असे समजण्याचे कारण नाही. २०२४ साली तेथे झालेल्या राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या सुमारे ४० टक्के मुलांचे वाचन 'मूलभूत' ठरवलेल्या पातळीच्या खाली आढळले, आणि आठवीत हे प्रमाण ३३ टक्के होते. म्हणजे वाचन शिकवण्याचे शास्त्र आणि ते जाणणारे शिक्षक यांची त्या समाजाला निकड आहे.

असे शिक्षक घडवण्याचे काम साक्षरता-शिक्षण विभाग करतात, आणि त्या कामाचा मोठा भार सहाय्यक उचलतात. भावी शिक्षकांना वाचन-अध्यापनाच्या पद्धती शिकवणारे वर्ग ते घेतात. शाळांत सरावासाठी गेलेल्या छात्राध्यापकांच्या पाठांचे निरीक्षण करतात. विद्यापीठाच्या वाचनकेंद्रात येणाऱ्या, मागे पडलेल्या मुलांच्या चाचण्या घेतात, त्यांना एकेकट्याने शिकवतात आणि पालकांसाठी अहवाल लिहितात. प्राध्यापकांच्या संशोधनासाठी मुलांच्या वाचनाची ध्वनिमुद्रणे पुन्हा पुन्हा ऐकून मूल कोठे अडखळले, कोणता शब्द त्याने गाळला, कोणती चूक आपली आपणच सुधारली, याची ओळीओळीने नोंद करतात. हे नवशिक्याचे काम नव्हे. या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी पूर्वी शाळेत नोकरी केलेली असते. कित्येक अभ्यासक्रमांत वर्गात शिकवल्याचा अनुभव ही प्रवेशाचीच अपेक्षा असते. अर्थात काल ज्या शिक्षिकेला पुरा पगार मिळत होता, तीच आज अधिक शिकण्यासाठी विद्यापीठात येते आणि जवळपास त्याच जातीचे काम 'सहाय्यक' या नावाने करू लागते.

या जागेच्या अटी सर्वसाधारणपणे अशा असतात. आठवड्याला २० तास काम, म्हणजे 'अर्धवेळ' नेमणूक. मुदत बहुधा नऊ महिन्यांची, उन्हाळी सुट्टीत बव्हंशी काम नाही आणि पैसाही नाही. मोबदल्याचे मुख्य भाग दोन. पहिला म्हणजे दरमहा हातात पडणारी रक्कम, जिला आपण विद्यावेतन म्हणू. दुसरा म्हणजे शुल्कमाफी. सहाय्यकाला अभ्यासक्रमाचे शुल्क पूर्ण किंवा काही अंशी माफ होते. काही ठिकाणी आरोग्यविम्याचा हप्ताही विद्यापीठ भरते. मोबदला फार कमी आहे अशी तक्रार झाली की विद्यापीठाचे अधिकारी या साऱ्याची बेरीज मांडतात आणि सहाय्यकाला प्रत्यक्षात किती मोठी रक्कम मिळते हे दाखवून देतात.

ही बेरीज अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जरा तपासून घेतली पाहिजे. मराठवाड्यात आणि विदर्भात पाडव्याला सालगड्याचे साल ठरते. रोख रकमेसोबत मालक धान्य देई, कपडेलत्ते देई, आणि वर्षाच्या हिशोबात त्या जिनसांची किंमत मालकच लावी. सालगड्याला मिळालेले धान्य खरेच असे, त्याने त्याचे पोटही भरत असे, परंतु त्याचा भाव ठरवण्यात त्याचा हात नसे. शुल्कमाफीचे स्वरूप असेच आहे. शुल्क किती असावे हे विद्यापीठ ठरवते, ते माफही विद्यापीठच करते, आणि माफ केलेल्या रकमेची नोंद सहाय्यकाच्या मोबदल्याच्या खात्यात विद्यापीठच करते. शुल्क वाढले की कागदावर मोबदला वाढतो, मात्र घरभाडे आणि भाजी-दूध यांसाठी हातात येणारा पैसा तेवढाच राहतो. शिवाय संशोधनाच्या टप्प्यावर पोचलेला पीएच.डी.चा विद्यार्थी वर्गात क्वचितच बसतो, तरी त्याच्या नावे शुल्क लागत राहते आणि माफही होत राहते. शिक्षणाला मोल नाही असा याचा अर्थ नव्हे. सालगड्याचे धान्य जसे खरे, तसे हे शिक्षणही खरे. पण मालकाने स्वतःच भाव लावलेली वस्तू म्हणजे मजुरी नव्हे, हे कामगार चळवळीने फार पूर्वीच ठरवले आहे.

या शुल्कमाफीवरूनच बरेचसे संघर्ष झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील अध्यापन-सहाय्यकांची संघटना १९६६ साली स्थापन झाली. १९६९ मध्ये राज्याच्या विधिमंडळात परप्रांतीय सहाय्यकांची शुल्कसवलत काढून घेण्याचे विधेयक आले, आणि तोवर मूठभरांची असलेली संघटना एकाएकी वाढली. १९७० च्या वसंतात तिने २४ दिवसांचा संप केला आणि त्यातून लेखी करार पदरात पाडून घेतला. या संपकऱ्यांची मागणी केवळ पैशांची नव्हती. वर्गात काय आणि कसे शिकवावे हे ठरवताना शिकवणाऱ्यांचा व विद्यार्थ्यांचा सहभाग असावा, हाही त्यांचा आग्रह होता, आणि विद्यापीठाचा सर्वांत कडवा विरोध नेमका त्याच मागणीला झाला. पुढे इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील शाखेतही हेच घडले. १९७६ साली वाचनाच्या अभ्यासाचे एक नामांकित राष्ट्रीय केंद्र याच विद्यापीठात स्थापन झाले होते, आणि वाचन कसे शिकवावे याविषयीच्या अमेरिकी विचाराला त्या केंद्राने वळण दिले. त्या विद्यापीठातील पदव्युत्तर सहाय्यकांना २००९ मध्ये दोन दिवस आणि २०१८ मध्ये जवळजवळ दोन आठवडे संप करावा लागला, आणि दोन्ही वेळा वादाच्या केंद्रस्थानी शुल्कमाफीची हमी होती.

२०१७ साली या प्रश्नाला आणखी एक बोलके वळण मिळाले. अमेरिकी प्रतिनिधिगृहाने संमत केलेल्या करविधेयकात शुल्कमाफी ही करपात्र मिळकत धरली होती. तसे झाले असते तर कधीच हातात न पडलेल्या रकमेवर सहाय्यकाला कर भरावा लागला असता. देशभर विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, आणि विद्यापीठांनीही या तरतुदीला विरोध केला. ही माफी म्हणजे मिळकत नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले. अंतिम कायद्यातून ती तरतूद वगळली गेली, हे चांगलेच झाले. परंतु कर भरावयाच्या वेळी जी मिळकत नसते, ती वेतनवाढ मागितली की मोबदला कशी होते, या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठांकडून मिळायचे राहिलेच आहे.

कायद्याचा इतिहासही असाच हेलकावे खाणारा आहे. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार-संबंध कायद्याने खाजगी क्षेत्रातील कामगारांना संघटनेचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क दिला. सार्वजनिक विद्यापीठांना तो कायदा लागू नाही, तेथे ज्या त्या राज्याचा कायदा चालतो. खाजगी विद्यापीठांतील सहाय्यक हे कामगार आहेत की विद्यार्थी, याचा निवाडा करणाऱ्या केंद्रीय मंडळाने १९७२ मध्ये त्यांना मुख्यतः विद्यार्थी ठरवले. २००० साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात ते कामगार ठरले. २००४ मध्ये ब्राऊन विद्यापीठाच्या प्रकरणात पुन्हा विद्यार्थी झाले. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात पुन्हा कामगार ठरले. या साऱ्या काळात वर्ग तेच होते, तपासावयाच्या वह्या त्याच होत्या आणि आठवड्याचे तासही तेवढेच होते. बदलली ती मंडळावर सदस्य नेमणारी राजवट. ज्या हक्काला संघटनेचे बळ नाही तो केवळ निवाड्याच्या कागदावर किती तग धरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. कोलंबियातही निवाडा बाजूने लागल्यानंतर पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात सुमारे ३,००० विद्यार्थी-कामगारांना नऊ आठवड्यांहून अधिक काळ संप करावा लागला, तेव्हा कुठे करार झाला.

कोलंबियाचे नाव महाराष्ट्राला वेगळ्या कारणाने परिचित आहे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा तो लेखी करार होता. ती अट सोपी नव्हती आणि बडोद्याच्या नोकरीत बाबासाहेबांच्या वाट्याला काय आले हे सर्वांना ठाऊक आहे. तथापि शिष्यवृत्ती आणि असिस्टंटशिप यांतील भेद त्या करारावरून स्पष्ट होतो. शिष्यवृत्तीचा काळ अभ्यासाचा होता. त्या काळात ग्रंथालयात बसणारा विद्यार्थी कोणाच्या वह्या तपासत नव्हता. असिस्टंटशिपमध्ये सेवा आजच द्यावी लागते, ती आठवड्याच्या तासांनी मोजली जाते, आणि ती दिली नाही तर पैसा थांबतो. ज्या मोबदल्यामागे काम आहे तो मोबदला म्हणजे वेतन. त्याला विद्यावेतन म्हटले तरी त्या शब्दाचे शेवटचे पद विसरता येत नाही.

आज अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ती ३,३१,६०२ होती आणि तीत पदव्युत्तर विद्यार्थी निम्म्याहून अधिक होते. मराठी घरांतूनही दरवर्षी मुले-मुली जातात, आणि 'असिस्टंटशिप मिळाली' ही वार्ता पेढे वाटून सांगितली जाते. त्या आनंदात एक गोष्ट सहसा कोणी वाचत नाही. विद्यार्थी-व्हिसावर असलेल्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच आणि तेही सामान्यतः विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर त्याच्या श्रमाला एकच गिऱ्हाईक आहे. इतर कामगार निदान दुसऱ्या दारी जाण्याची धमकी तरी देऊ शकतो, पण येथे ते दारच बंद. असिस्टंटशिप गेली की शुल्क भरता येत नाही, शुल्क भरले नाही की प्रवेश जातो, आणि प्रवेश गेला की देशात राहण्याचा आधारही जातो. जेथे एकच गिऱ्हाईक असते तेथे भाव पडतो, हा नियम कापसाला लागू आहे तसा श्रमालाही आहे. म्हणूनच परदेशी सहाय्यकाला संघटनेची गरज इतरांहून अधिक. तीत सामील होण्याचा हक्क त्यालाही असतो, मात्र भीतीमुळे मागे राहणाऱ्यांतही बहुधा तोच असतो.

या साऱ्यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो, आणि त्याचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. सहाय्यकाचे काम हेच त्याचे शिक्षण आहे. वाचनकेंद्रात मुलांबरोबर बसल्यावाचून साक्षरतेचा अभ्यासक कसा घडेल? गुरू-शिष्याच्या नात्यात मालक-मजुराचे नाते आणले तर विद्येची हानी होणार नाही का? यातील पहिले विधान खरेच आहे. परंतु काम करता करता माणूस शिकतो हे गिरणीतल्या नवख्या साचेवाल्यालाही लागू होते, म्हणून कोणी त्याची मजुरी बुडवत नाही. अमेरिकी सरकारचा कायदाही शिकणे आणि कमावणे यांत विरोध मानत नाही. १९९७ पासून, काम करून शिकणारे जे विद्यार्थी लहान मुलांना वाचन शिकवतात, त्यांच्या मजुरीचा सर्व भार केंद्रीय निधीतून उचलण्याची सोय झाली. तेथे त्याला मजुरी म्हणण्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. गुरू-शिष्य नात्याविषयी सांगावयाचे तर, रॉजर्स, ईटन आणि वूस या अभ्यासकांनी संघटना असलेल्या व नसलेल्या विद्यापीठांची तुलना करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला की, संघटनेमुळे हे नाते बिघडल्याचे दिसत नाही. खरे पाहता नाते बिघडते ते तास मोजले जात नाहीत तेव्हा. विसाव्या तासानंतरचे काम 'नाही' म्हणण्याची सोय नसलेला शिष्य गुरूपुढे मोकळेपणाने मतभेद कसा व्यक्त करणार?

संघटनेने काय साधते याचे अलीकडचे मोठे उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आहे. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या विद्यापीठाच्या सर्व शाखांतील सुमारे ४८,००० शैक्षणिक कामगार संपावर गेले आणि डिसेंबरअखेरीस करार झाला. अध्यापन-सहाय्यकांचे वर्षाचे किमान वेतन सुमारे २३,००० डॉलरवरून ऑक्टोबर २०२४ पर्यंत सुमारे ३४,००० डॉलरपर्यंत जाईल, असे ठरले. पण याची दुसरी बाजूही नजरेआड करू नये. विज्ञानशाखांच्या तुलनेत शिक्षणशास्त्राच्या वाट्याला येणारा संशोधन-निधी तुटपुंजा असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने आपल्या केंद्रीय शिक्षण-संशोधन संस्थेची अनेक कंत्राटे एकाएकी रद्द केली. निधी आटला की ज्यांची नेमणूक वर्षावर्षाची असते त्यांच्यावर प्रथम गदा येते. वेतनाचा दर वाढवून घेणे आणि जागा टिकवणे हे दोन वेगळे लढे आहेत, आणि दुसरा लढा एकट्या विद्यापीठाच्या दारात जिंकता येत नाही. त्यासाठी सार्वजनिक शिक्षणाच्या बाजूचे राजकारण लागते.

आता आपल्या अंगणाकडे वळू. २ ऑक्टोबर १९७८ रोजी जनता सरकारने राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षांत १० कोटी प्रौढांना साक्षर करण्याचा त्याचा संकल्प उदात्त होता आणि विद्यापीठांनाही त्यात ओढले गेले. परंतु प्रत्यक्ष वर्ग चालवणाऱ्या शिक्षकाला मानधन ठरले महिना ५० रुपये. दहा महिन्यांत सुमारे ३०० ते ३५० तास शिकवावयाचे हे धरले, तर तासाला जेमतेम दीड रुपया पडतो. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आले आणि १९९० मध्ये एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर झाला. तेथे हजारो स्वयंसेवकांनी एक पैसाही न घेता शिकवले, आणि त्यांच्यापुढे कोणाचेही मस्तक नम्र व्हावे. पण ती एक मोहीम होती. ठरावीक मुदतीची, लोकांनी स्वेच्छेने अंगावर घेतलेली. त्या त्यागाचे रूपांतर सरकारच्या कायम धोरणात झाले तेव्हा अर्थ बदलला. २०२२ ते २०२७ या काळासाठी मंजूर झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाचे उद्दिष्ट ५ कोटी लोकांचे आणि एकूण तरतूद १,०३७.९० कोटी रुपयांची. दर माणशी हिशोब केला तर पाच वर्षांसाठी सुमारे २०८ रुपये पडतात. शिकवणाऱ्याच्या श्रमाची किंमत शून्य धरल्यावाचून हा ताळेबंद जुळत नाही, आणि म्हणूनच हा कार्यक्रम मुळातच स्वयंसेवकांवर उभा केला आहे.

विद्यापीठे आणि महाविद्यालये यांची स्थिती निराळी नाही. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात, सुट्टीचे नाहीत. अमेरिकी सहाय्यकाचा बिनपगारी उन्हाळा आणि आपल्या तासिका-प्राध्यापकाची कोरडी मे महिन्याची सुट्टी ही एकाच हिशोबाची दोन पाने आहेत. यात आशेची एक जागाही आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, आणि त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच ठरते असे म्हटले. शब्दाचा पडदा एका ठिकाणी तरी बाजूला झाला.

येथे आपल्या चळवळीने स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. सेवा आणि त्याग यांच्या संस्कारावर आपल्या पिढ्या वाढल्या, आणि त्या संस्काराचा अभिमान रास्त आहे. परंतु त्याच संस्कारामुळे शिक्षणसेविका, साक्षरता-स्वयंसेवक, संशोधन-सहाय्यक यांनी मोबदल्याचा विषय काढला की आपल्यालाही क्षणभर अवघडल्यासारखे होते. हा संकोच टाकला पाहिजे. सेवा ही देणाऱ्याने द्यावयाची असते. घेणाऱ्याने, त्यातही सरकारने किंवा विद्यापीठाने, ती गृहीत धरली की तिला दुसरे नाव द्यावे लागते.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे तीन साधी कामे आहेत. आपल्या तालुक्यात आणि जिल्ह्यात 'मानधन', 'विद्यावेतन' किंवा 'तासिका' या नावांखाली कोण किती तास काम करतो याची नोंद करणे, हे पहिले. प्रत्येक नेमणूक लेखी असावी, तीत तास, मुदत, सुट्टीतील मोबदला आणि तक्रार कोणाकडे करावयाची हे लिहिलेले असावे, ही मागणी लावून धरणे, हे दुसरे. आणि परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना, त्यांना मिळालेले नेमणुकीचे पत्र ओळ न् ओळ वाचावयास आणि तेथील संघटनेची चौकशी करावयास सांगणे, हे तिसरे.

या महाराष्ट्रात न वाचता आलेल्या कागदावर अंगठा उमटवून कित्येक कुळांनी जमिनी गमावल्या. त्या अंगठ्याविरुद्ध साक्षरतेची चळवळ उभी राहिली. दुसऱ्यांना वाचावयास शिकवणाऱ्यांनी आपल्याच नेमणुकीच्या कागदावर न वाचता सही करावी, आणि वाचली तरी ती बदलण्याचे बळ त्यांच्यापाशी नसावे, ही स्थिती त्या चळवळीला शोभणारी नाही. ते बळ संघटनेतून येते, आणि संघटना बांधण्याचे काम आपल्याला नवीन नाही.